दुसऱ्या नंबरचा बोजा

लिलावातलं घर लाभत नाही, हे आमच्या इंदापुरात लहान पोरही सांगेल. जप्तीतला ट्रॅक्टर लोक घेतात, म्हैस घेतात, दुकानातलं फर्निचर तर हसत हसत घेतात. पण घर म्हटलं की हात मागं. ज्या बाईला आपला संसार उचलून बाहेर पडावं लागलं, तिचा तळतळाट भिंतीत मुरतो म्हणे. मी बारामतीच्या एका शाळेत गणित शिकवते. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, कधी नव्हताही. पण माझ्या अब्बांचा होता, आणि त्यापायी आमच्या घराचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. अजूनही कुणी माझ्यासमोर मान हलवून "लिलावाचं नको गं बाई" म्हणालं, तर माझं डोकं फिरतं.

आमचा धंदा गाद्यांचा. रस्त्याला लागून दुकान, मागच्या बाजूला कापूस पिंजायचं मशीन आणि वर दोन खोल्या. माझा जन्म त्याच खोल्यांतला. जिन्यात, डाळीच्या डब्यात, अम्मीच्या ओढणीला, अब्बांच्या दाढीला सदान्‌कदा कापसाचे तंतू चिकटलेले असत. केसांत कापूस असायचा म्हणून शाळेत पोरं मला 'म्हातारी' म्हणायची. मी रडत घरी आले की अब्बा म्हणत, "म्हाताऱ्या माणसाला मान असतोय, घे की."

इमारत मात्र आमची नव्हती. ती तात्यांची. तात्या आमचे घरमालक. शेजारच्याच गाळ्यात त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. भाडेपावती, करारनामा असलं काही त्या दोघांनी कधी केलं नाही. भाडं वाढवायची वेळ आली की लाज तात्यांनाच वाटे. ते दुकानात येऊन बसत, पेट्रोलच्या भावावर बोलत, मग डाळीच्या, मग उगीच कापसाची मूठ हातात घेऊन दाबून बघत. शेवटी अब्बाच म्हणत, "तात्या, आवंदा भाडं वाढवा की वो. बरं दिसत न्हाय." त्यावर तात्या म्हणत, "तुमी म्हणताय तर वाढवू." तात्यांच्या मुलींच्या लग्नातल्या गाद्या अब्बांनीच भरल्या. धाकटीला धुळीचा त्रास, तर तिच्यासाठी सावरीचा कापूस शोधून आणला आणि स्वतः दाभण हातात घेऊन टाके घातले. तात्या पैसे द्यायला आले तेव्हा अब्बा चिडले. "लेकीच्या गादीचं पैसं घेऊ व्हय?" म्हणाले आणि मशीन चालू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू यायला नको.

तात्यांचं बिनसलं ते लग्नाच्या लॉनपायी. बारामती रस्त्याला जागा भाड्यानं घेऊन त्यांनी हौसेनं लॉन काढलं. हिरवळ, कमान, नवरीसाठी एसीची खोली. त्यासाठी बँकेचं मोठं कर्ज घेतलं आणि आमची, म्हणजे त्यांची, इमारत गहाण टाकली. सुरुवातीला बरं चाललं. मग लॉकडाऊन आला आणि लग्नं लोकांच्या पडवीत लागायला लागली. ते सगळं संपेपर्यंत त्याच रस्त्याला आणखी मोठी, आणखी चकचकीत लॉन्स उभी राहिली होती. तात्यांचे हप्ते थकले, थकलेल्यावर व्याज चढलं. आमच्याशी याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत.

मी सुट्टीला माहेरी गेले होते, तेव्हाच एका सकाळी बँकेची माणसं आली. इमारतीच्या दोन्ही शटरांवर त्यांनी जप्तीची नोटीस चिकटवली, तिचे फोटो काढले आणि गाडीत बसून निघून गेली. तात्या रस्त्याच्या कडेला उभे होते. अब्बांनी आतून स्टूल आणून दिलं, पण ते बसेनात. म्हणाले, "भाई, तुमच्या शटरवरबी लावली वो त्यांनी." स्वतःच्या शटरचं त्यांनी नावही काढलं नाही.

अब्बा म्हणाले, "शटर तुमचंच हाय की. माझं काय जातंय?"

पण जात होतं. बँक इमारत विकणार, नवा मालक येणार आणि तो पहिल्यांदा भाडेकरूला काढणार. पिंजायच्या मशीनला इंदापुरात दुसरी जागा कोण देणार? कापूस उडतो, आवाज होतो, आगीची भीती असते. फोमच्या गाद्यांनी आधीच धंदा खाल्लेला, त्यात अब्बांचं वय झालेलं. ती जागा गेली की दुकान गेलं आणि डोक्यावरचं छप्परही गेलं. आणि दुकान गेल्यावर अब्बा दिवसभर काय करणार, हे काही केल्या मला सुचत नव्हतं. त्यांना दुसरं काही येतच नाही.

मी त्याच दुपारी म्हणाले, "बँक लिलाव करणार आहे ना? मग आपण बोली लावू. आपणच घेऊ."

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही चोरून आणलंय. "तात्या खाली मान घालून बसणार आन मी तितं हात वर करणार? माझा हात झडंल."

"कुणीतरी घेणारच ना अब्बा? मग आपण का नको?"

"घेऊ की. पर मागून घेऊ. लिलावाची दवंडी हुण्याआधी, त्यांच्या हातनं घेऊ."

आमच्याकडे अशी रीत आहे. ज्याची जागा बुडत असते त्याच्याकडे चार ओळखीची माणसं जातात, बँकेचं काय ते भागवायचं ठरवतात, आणि जागा सरळ खरेदीखतानं घेतात. लिलाव होत नाही, पेपरात नाव येत नाही, मालकाची अब्रू राहते. घेणाऱ्यालाही तळतळाट लागत नाही. ऐकायला किती चांगलं वाटतं! मलाही त्या वेळी ते फार वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

अब्बा तात्यांकडे गेले तेव्हा तात्या रडले. "भाई, तुमी घेतली तर ती घरातच ऱ्हायली म्हणायची," असं म्हणाले. आता पैशांचा प्रश्न. अब्बांचं आयुष्यभराचं साठवलेलं होतं ते पुरलं नाही. मग अम्मीचा भिगवणचा प्लॉट विकला. तो तिला तिच्या वडिलांकडून मिळालेला, धरणाच्या पाण्याकडेचा. म्हातारपणी तिथं भावांच्या शेजारी दोन खोल्या बांधायच्या, हे तिचं किती वर्षांपासून चाललं होतं. सही करून आली तेव्हा म्हणाली, "पाण्याचा वास मला तसाबी सोसत न्हाय." तिचं सगळं बालपण त्या पाण्याच्या वासात गेलं होतं.

खरेदीखत करणारे इंदापूरचे वकील म्हणाले, "आधी निबंधकाच्या ऑफिसात सर्च घेऊ. जागेवर आणखी काय काय नोंदवलंय ते कळेल."

अब्बा खुर्चीतून उठलेच. "तात्यांच्या जागेचा तपास काढू? ते काय चोर हायत?"

"तसं नाही हो भाई, ही रीतच असते."

"आसंल तुमच्यात. मी त्यांच्या तोंडाकडं कसं बघू मग?"

मी मध्ये पडले. म्हणाले, सर्च घेतल्यानं कुणी चोर होत नाही. त्यावर अब्बा मला म्हणाले, "तुझा निकाह लावला तवा नवऱ्याचा सर्च काढलावतास व्हय गं?"

"काढायला पाहिजे होता," मी म्हणाले. वकीलही हसले, अब्बाही हसले, आणि विषय तिथंच मिटला. सर्च राहिला.

तरी मी तात्यांना तोंडावर विचारलंच. ते दुकानात बसलेले असताना मी म्हणाले, "तात्या, बँक सोडून आणखी कुणाचं कर्ज आहे का हो या जागेवर?" अब्बांनी माझ्याकडे डोळे वटारले. तात्यांनी छातीवर हात ठेवला. "न्हाय बाय. भवानीआईची आन. बँक सोडली तर ह्या जागेवर मी कुणाचा रुपाया घेतल्याला न्हाय."

तात्या खोटं बोलत नव्हते. माझा त्यांच्यावर अजून राग आहे, तरीही मी हे म्हणते.

बँकेचे पैसे भरले. बँकेनं आपला बोजा उतरवल्याचा कागद दिला. खरेदीखत झालं, वर उरलेले थोडे पैसे तात्यांच्या हाती पडले आणि ते त्यांनी पाइपवाल्या कंपनीला देऊन टाकले. अब्बांनी पेढे वाटले. आजवर भिंतीत खिळा ठोकायचा तरी ते तात्यांना विचारायचे. त्या आठवड्यात त्यांनी कारण नसताना तीन-चार खिळे ठोकले. तात्या शेजारच्या गाळ्यातच राहिले, म्हणजे आता मालक अब्बा आणि भाडेकरू तात्या. भाड्याचा विषय निघाला की आता लाज अब्बांना वाटायची. तात्या म्हणायचे, "भाई, काहीतरी घ्या वो," आणि अब्बा मशीन चालू करायचे. ते दिवस बरे गेले. अम्मी जिन्याच्या कठड्याला रंग लावताना मला फोनवर सांगत होती की हा रंग उन्हानं उडतो का ते बारामतीच्या दुकानात विचारून ये.

पुढच्या लग्नसराईत एका पतसंस्थेचे वसुली अधिकारी दुकानात आले. सभ्य माणूस. पाणी प्याले, गाद्यांचे भाव विचारले, मग म्हणाले की ही इमारत आमच्याकडे गहाण आहे. अब्बांना वाटलं ते पत्ता चुकले. त्यांनी बँकेचा बोजा उतरल्याचा कागद काढून दाखवला. अधिकारी म्हणाले, "बँकेचा पहिल्या नंबरचा होता. आमचा दुसऱ्या नंबरचा आहे. तो आहे तसाच आहे."

तात्यांना बोलावलं. ते चष्मा पुसत आले आणि ऐकून घेऊन म्हणाले, "त्ये व्हय? त्ये माझं न्हाय. त्ये भाच्याचं. मी नुस्ता जामीन हाय."

तात्यांच्या बहिणीचा मुलगा जवळच्याच बावडा गावचा. त्यानं पोल्ट्री टाकायला पतसंस्थेकडून कर्ज काढलं होतं. मामानं भाच्याला नाही म्हणायचं नसतं. भाचा म्हणाला, मामा, जामीन व्हा, मामा झाले. आमच्या भागात जामीन कोण कुणाला नसतो? सही करायची, चहा प्यायचा आणि विसरून जायचं. त्या सह्यांमध्येच एक गहाणखत होतं. पतसंस्थेला पक्कं तारण हवं होतं आणि तात्यांकडे तारणाला ही इमारत सोडून काही नव्हतं. त्यांच्या मते ते कर्ज भाच्याचं, आपण फक्त शब्द दिलेला. दिलेला शब्द म्हणजे कर्ज, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढे पोल्ट्रीत मर लागली, शेड रिकामी झाली आणि भाचा पुण्याला टेम्पो चालवायला निघून गेला. मामाला त्यानं काही कळवलं नाही. लाजेनं असेल.

"म्हणून तर मी 'कुणाचा रुपाया न्हाय' म्हणलं भाई," तात्या म्हणाले. मग त्यांना हळूहळू उमगत गेलं असावं, कारण ते तिथंच गाद्यांच्या ढिगावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

मी अब्बांना घेऊन बारामतीला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि अब्बांना समजेल असं सांगितलं. "चाचा, एका जागेवर दोघांचा बोजा म्हणजे रांग असते. पुढे बँक, मागे पतसंस्था. बँकेनं स्वतः लिलावात विकली असती तर आलेल्या पैशातून आधी बँकेनं घेतले असते, उरले असते ते मागच्याला. आणि जागा घेणाऱ्याच्या हातात सहसा मोकळी आली असती. मागच्याचा हक्क पैशावर गेला असता, भिंतींवर राहिला नसता. तुम्ही काय केलंत? बँकेचे पैसे भागवून जागा मालकाकडून घेतलीत. पुढचा माणूस रांगेतून निघून गेला आणि मागचा पुढे आला. त्यानं काहीच सोडलेलं नाही. मालक बदलला तरी त्याचा बोजा जागेबरोबर तुमच्याकडे आला."

अब्बांनी विचारलं, "म्हंजे मी लिलाव हुऊ दिला आस्ता आन तितं घेतली आस्ती, तर वाचलो आस्तो?"

"बहुतेक, हो. निदान सर्च काढला असता तर आधी कळलं असतं. मग पतसंस्थेलाही बोलावून, दोघांचं एकदम मिटवून घेतलं असतं."

अब्बांनी समोरचे कागद गोळा करून पिशवीत घातले. मग म्हणाले, "तात्यांची दवंडी ऐकून वाचण्यापरीस न्हाय वाचलो त्येच बरं."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी ऑफिसातून बाहेर येऊन कोर्टासमोरच्या झाडाखाली उभी राहिले. तिथं रडले की नुसतीच धुमसत होते, आठवत नाही. अम्मीचा भिगवणचा प्लॉट माझ्या डोळ्यांसमोर होता.

तात्यांवर केस करा, असं वकीलबाईंनी सुचवलं होतं. अब्बांनी त्यावर चर्चासुद्धा केली नाही. तशीही केस करून काय मिळणार होतं? तात्यांकडे उरलं होतं काय? पतसंस्थेनं मुदत दिली, पुन्हा दिली. माझ्या आणि नवऱ्याच्या पगारात बसेल तेवढं आम्ही भरलं, पण ते व्याजातच गेलं. तात्यांनी शेजारचं दुकान उघडणं बंद केलं. ते दुसऱ्या गल्लीतून जायला लागले. अब्बांना जागेपेक्षा त्याचंच दुःख जास्त झालं असावं. जेवताना मध्येच म्हणायचे, "तात्या आज बी आलं न्हायत." अम्मी म्हणायची, "कसं येतील?"

शेवटी लिलाव लागला. आता मालक अब्बा होते, तेव्हा नोटिशीत त्यांचं नाव होतं.

मी पुन्हा वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अजून सगळं गेलेलं नाही. पतसंस्थेची रक्कम जागेच्या किमतीपेक्षा बरीच कमी आहे. लिलाव चांगला चढला तर त्यांचं वजा जाऊन वरचं सगळं तुमच्या वडिलांचं. त्यात त्यांना आडबाजूला का होईना, लहानशी जागा घेता येईल. फक्त बोलीला माणसं आली पाहिजेत. एकटाच आला तर राखीव किमतीला घेऊन जाईल, आणि ती कमीच लावलेली असते. पतसंस्थेला स्वतःचं वसूल होण्याशी मतलब."

बसमध्ये बसल्या बसल्या मी हिशोब केला. त्या पैशात रेल्वे फाटकाकडची कुठली तरी... नाही, फाटक भिगवणचं. माझं डोकं तेव्हा असंच चालत होतं, अम्मीचा प्लॉट मध्ये मध्ये येत होता. इंदापुरातच, गावाच्या मागच्या बाजूला, पत्र्याची शेड आणि तिला लागून दोन खोल्या, एवढं नक्की होत होतं. मशीन बसलं असतं. अब्बांना सकाळी उठून जायला काहीतरी राहिलं असतं. आणि आमच्या जागेवर कितीजणांचा डोळा होता ते मला ठाऊक होतं. मोबाइलवाल्याला ती हवी होती, किराणावाल्याला गोदामाला हवी होती, समोरच्या साडीच्या दुकानदारानं तर तात्यांना पूर्वी दोनदा विचारलं होतं. हे सगळे आले आणि एकमेकांवर चढले की काम होणार होतं.

मी अब्बांना न सांगता साडीवाल्याकडे गेले. म्हणाले, "काका, परवाच्या लिलावाला तुम्ही या. हवी तेवढी बोली लावा, आम्हाला वाईट वाटणार नाही."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "अगं, काय बोलतीस? भाईंच्या जागेला मी बोली लावू? माझ्या लग्नातल्या गादीवर अजून झोपतोय मी. वरनं बायको काय म्हणंल?"

"काका, तुम्ही नाही घेतली तर दुसरं कुणी घेईल. तुम्ही बोली वाढवली तर उलट अब्बांचाच फायदा आहे. जास्तीचे पैसे त्यांनाच मिळतात."

"आसले फायदे आमाला नगंत," ते म्हणाले. मला पाण्याचा ग्लास दिला आणि मायेनं डोक्यावर हात ठेवला. मोबाइलवालाही तसंच बोलला. किराणावाले तर माझ्यादेखत डोळे पुसायला लागले. मी समजावत होते, आकडेमोड करून दाखवत होते, आणि ती सगळी भली माणसं माझ्याकडे असं बघत होती, जणू दुःखानं पोरीचं डोकं फिरलंय.

लिलाव पतसंस्थेच्या ऑफिसात होता. अब्बा गेले नाहीत, मी गेले. वाटेत पाहिलं तर आमच्या रस्त्यावरच्या कित्येकांनी शटर अर्धं ओढलं होतं, मयतीला ओढतात तसं. ऑफिसात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि त्या रिकाम्या होत्या. वसुली अधिकारी घड्याळ बघत होते. नंतर पुण्याकडचा एक माणूस आला, कोण ते मला माहीत नव्हतं, त्यालाही कुणी ओळखत नव्हतं. अनामत फक्त त्यानं आणि त्याच्या भागीदारानं भरली होती. त्यानं राखीव किमतीवर नावाला एक टप्पा चढवला. अधिकाऱ्यांनी एकवार, दोनवार, तीनवार म्हटलं. दरवाजाकडे बघून माझी मान दुखायला लागली होती. कुणी आलं नाही. जागा गेली. पतसंस्थेची रक्कम, व्याज, खर्च वजा जाऊन अब्बांच्या वाट्याला जे आलं त्यात मशीनची शेड तर सोडाच, तिच्या पत्र्याचेही पैसे निघाले नसते.

घरी आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. अब्बा दुकानात उशा रचत होते. मी सांगितलं, गेली. त्यांनी विचारलं, "कोण आलंतं?" मी म्हणाले, पुण्याकडचा एक. "आन गावातलं?" मी म्हणाले, कुणी नाही.

तेवढ्यात दारात तात्या उभे. कितीतरी महिन्यांनी ते आमच्या उंबऱ्याशी आले होते. सदरा घामानं भिजलेला, पायात धूळ. ते आत येईनात. तिथूनच म्हणाले, "भाई, गावातल्या एकानंबी बोली लावली न्हाय. मी समद्यांच्या दारात गेलतो. हात जोडलं. म्हणलं, माझ्यापायी त्या माणसाची जागा चाललीया, निदान तुमी कुणी तिच्यावर बोली लावू नगा. बावड्यापर्यंत जाऊन आलो. समद्यांनी शब्द पाळला."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तात्या, तुम्ही काय केलंत हे तुम्हाला कळतंय का, असं मी म्हणणार होते, आणि अजून बरंच काही. अम्मीनं मागून माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की तिची नखं रुतली. तिनं सगळं माझ्याकडून फोनवर ऐकलेलं होतं, वकीलबाई काय म्हणाल्या ते शब्दनशब्द. तिचा प्लॉट गेला होता, घर गेलं होतं. तरी तिनं माझं मनगट सोडलं नाही.

अब्बांनी उशी खाली ठेवली, दारात गेले आणि तात्यांना मिठी मारली. दोघं म्हातारे ढसाढसा रडले. "तुमी माझी अब्रू राखली, तात्या," अब्बा म्हणाले. "लय मोठं काम केलं."

तात्या गेल्यावर मी अम्मीला आत नेलं. म्हणाले, आज ना उद्या त्यांना सांगावं लागेल. ती हळूच म्हणाली, "त्यांच्याकडं आता एवढंच हाय. त्ये बी घेतीस का?"

अब्बा आणि अम्मी आता बारामतीला आमच्याकडे असतात. मशीन भंगारात दिलं. अब्बा सकाळी उठतात, पेपर वाचतात, खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात. नवीन कुणी भेटलं की थोड्या वेळानं गोष्ट तिथंच येते. "माझी जागा गेली वो इंदापूरची. पर लिलावाला गावातलं एक माणूस आलं न्हाय. एकानं बी बोली लावली न्हाय." हे सांगताना त्यांची मान ताठ होते. ऐकणारा म्हणतो, "वा, भाई, काय माणसं जोडलीत!" मी बाजारातून येत असते, शेजारून जाते. अब्बा माझ्याकडे बघून म्हणतात, "इचारा हिला, ही व्हती तितं." आणि मी पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणते, "हो, खरंय. कुणीच आलं नाही."